सर्व्हर आपला असला, तर नेमके काय आपल्या हाती येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धरमपेठेतील तुमच्या वाचनकट्ट्याचे एका मोठ्या समाजमाध्यमावरील पान कारण न देता बंद करण्यात आले आणि त्याबरोबर कित्येक वर्षांचे पुस्तक-परिचय, चर्चा आणि सभासदांशी असलेला संपर्क गेला. आता कट्ट्याने मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यावर चालणाऱ्या समाजमाध्यमाचा स्वतःचा सर्व्हर (मजकूर साठवून पुरवणारा, सतत चालू असणारा संगणक) उभारावा की ब्लूस्काय या दुसऱ्या नव्या समाजमाध्यमावर जावे, हे ठरवायचे आहे. मजकूर खरोखर आपल्या मालकीचा राहील का, शिवीगाळ आणि छळ कोण आवरणार, आणि एखाद्या सभासदाने आपले लिखाण काढून घ्यायचे म्हटले तर ते पूर्णपणे पुसले जाईल का, या तुमच्या तीन शंका आहेत. मी नागपुरातच काही सहकाऱ्यांसह मॅस्टोडॉनचा एक लहान सर्व्हर चालवतो आणि त्यावर येणाऱ्या तक्रारी हाताळतो. त्या कामात जे दिसले त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

मालकीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाचाच असतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या अटींमध्येही साधारणपणे हेच लिहिलेले असते. कंपनी फक्त वापराचा परवाना घेते. तेव्हा तुमचे पान बंद झाले त्या दिवशी कट्ट्याची मालकी गेली नव्हती. मजकुराचा ताबा गेला आणि वाचकांपर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि भारतीय भाषांसाठी मोठ्या उत्साहाने सुरू झालेले ‘कू’ २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी लोकांनी आपापले लिखाण उतरवून घेतले असेलही, पण त्या लिखाणाभोवती जमलेली माणसे कोणालाही सोबत नेता आली नाहीत. म्हणून कोणतेही माध्यम निवडताना मी एकच गोष्ट तपासतो: उद्या येथून निघावे लागले तर माझ्याबरोबर काय येईल आणि मागे कोणाकडे काय उरेल.

मॅस्टोडॉनच्या बाबतीत याचे उत्तर अर्धे समाधानकारक आहे. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली जर्मनीत सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलद्वारे, म्हणजे देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांनुसार, इतर सर्व्हरांशी बोलते, आणि वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये या प्रोटोकॉलला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिलेला आहे. खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचे असेल तर आधी नव्या खात्यात जुन्या खात्याची उपनाव म्हणून नोंद करायची आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराची सूचना पाठवायची. फॉलोअर्सचे सर्व्हर ती सूचना वाचून त्यांना आपोआप नव्या खात्याशी जोडून देतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची, ब्लॉक किंवा म्यूट केलेल्यांची आणि बुकमार्कची यादी उतरवून नव्या ठिकाणी भरता येते. पोस्ट मात्र येत नाहीत. त्यांचा संग्रह सात दिवसांतून एकदा मागवता येतो, तो संगणकावर जपून ठेवता येतो, पण नव्या खात्यात परत घालण्याची सोय नाही. आणि ही सारी व्यवस्था जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच चालते. चालकाने एका रात्रीत यंत्र बंद केले, तर स्थलांतराची सूचना पाठवायलाच कोणी उरत नाही, आणि सभासदांना शून्यापासून माणसे गोळा करावी लागतात.

ब्लूस्कायचा एटी प्रोटोकॉल नेमका याच उणिवेवर रचलेला आहे. त्यात प्रत्येक खात्याला सर्व्हरपासून स्वतंत्र अशी कायमची ओळख दिलेली असते, तुमच्या पोस्ट, लाइक आणि फॉलो हे सर्व डिजिटल स्वाक्षरी केलेल्या एका भांडारात राहते, आणि ते संपूर्ण भांडार एका फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या डेटा सर्व्हरवर नेता येते. खात्याचे नाव म्हणून स्वतःचे डोमेनही (संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव) वापरता येते, त्यामुळे सर्व्हर बदलला तरी वाचकांना दिसणारे नाव तेच राहते. आराखडा म्हणून हा मला मॅस्टोडॉनपेक्षा सरस वाटतो. पण प्रत्यक्षात बहुसंख्य लोकांची खाती कंपनीच्याच डेटा सर्व्हरवर आहेत, त्यांच्या ओळखीवर ताबा ठेवणाऱ्या किल्ल्याही (पासवर्डसारखे गुप्त संकेत) कंपनीकडेच आहेत, आणि बहुतेक ओळखी जिथे नोंदल्या जातात ती निर्देशिका ब्लूस्कायनेच उभी केली आहे. निघून जाण्याचा हक्क तिथे खरा आहे. मात्र तो वापरायचा तर स्वतःची एक जादा किल्ली आधीच नोंदवून ठेवावी लागते आणि भांडाराची प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी लागते. हे काम संकट आल्यावर करता येत नाही. नॉस्टर नावाचे तिसरे जाळे आहे, त्यात ओळख म्हणजे फक्त एक गुप्त किल्ली. ती हरवली की खाते कायमचे गेले, म्हणून सर्व वयोगटांच्या सभासदांच्या कट्ट्याला ते मी सुचवणार नाही.

आता पुसण्याबद्दल. येथे मी अगदी स्पष्ट लिहितो, कारण सभासदांना खोटे आश्वासन देणे ही या क्षेत्रातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. तुमच्या सर्व्हरवरील पोस्ट, तिच्या लेखकाला फॉलो करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या सर्व्हरवर प्रत म्हणून जाऊन बसते. लेखकाने ती पुसली की तुमचा सर्व्हर त्या सर्वांना ‘ही काढून टाका’ असा संदेश पाठवतो, आणि नीट चालणारे सर्व्हर तो पाळतात. परंतु एखादा सर्व्हर त्या काळात बंद असेल तर तुमचा सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करून थांबतो, आणि एखाद्या चालकाने सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून असे संदेश दुर्लक्षित करायचे ठरवले असेल तर तुमच्याकडे काहीही उपाय नसतो. दिवाळी अंक घरोघरी गेल्यावर संपादक पुढच्या अंकात दुरुस्ती छापू शकतो, गेलेल्या प्रती परत मागू शकत नाही. तशीच ही स्थिती आहे.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, ते नागपूरकरांना सहज कळेल. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचे पाणी रात्रीत वस्त्यांमध्ये शिरले. अशा वेळी माणसे मदतीसाठी आपला पत्ता, मोबाइल क्रमांक, घरातील आजारी माणसाची माहिती उघडपणे लिहितात, आणि त्या क्षणी तेच योग्य असते. पाणी ओसरल्यावर लेखक ती पोस्ट काढतो आणि त्याच्या पडद्यावरून ती जाते, पण ती किती ठिकाणी साठली होती याची यादी त्याला कोणी देत नाही. म्हणून आमच्या सर्व्हरवर अशा मजकुरासाठी एक साधा नियम आहे: पत्ता व क्रमांक फक्त स्थानिक समन्वयकाला कळवायचा आणि जाहीर पोस्टमध्ये समन्वयकाचा संपर्क द्यायचा. मॅस्टोडॉनमधील ‘खासगी उल्लेख’ हासुद्धा दोन टोकांमध्ये एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल असा कुलूपबंद होत नाही. सर्व्हरचा चालक तांत्रिकदृष्ट्या तो वाचू शकतो. हे वाक्य सभासद होताना प्रत्येकाच्या नजरेला पडले पाहिजे.

ब्लूस्कायवर तर सर्व पोस्ट जाहीर असतात, आणि कोणी कोणाला ब्लॉक केले हेदेखील जाहीर असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील दहा लाख पोस्टचा संच मशीन लर्निंगच्या (यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याच्या) संशोधनासाठी म्हणून हगिंग फेस या असे संच ठेवणाऱ्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला होता. लोकांच्या रोषानंतर तो काढला गेला, पण तो गोळा करण्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागले नव्हते. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेतूनच वगळलेली आहे. जे जाहीर लिहिले ते गेले, असे धरूनच लिहावे, आणि उरलेल्या माहितीची काळजी सर्व्हरच्या चालकाने घ्यावी: ईमेल, आयपी पत्ते, खासगी उल्लेख आणि विशेषतः बॅकअप. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर सर्व्हरशी संबंध नसलेल्या प्रकरणात एफबीआयचा छापा पडला, आणि जप्त झालेल्या सामानात सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत होती. सभासदांनी काहीही चुकीचे केलेले नसताना त्यांची माहिती तपास यंत्रणेच्या हाती गेली. तुमच्या कट्ट्याचा बॅकअप एखाद्याच्या लॅपटॉपवर उघडा पडून राहणार असेल, तर सर्व्हर उभारू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

तुमची दुसरी शंका मॉडरेशनची, म्हणजे तक्रारी पाहून मजकूर आवरण्याची, आणि खरे काम तिथेच आहे. विकेंद्रित जाळ्यात सर्वांवर हुकूम चालवणारे कोणी नसते. तुमचा मॉडरेटर आपल्या सर्व्हरवरील पोस्ट काढू शकतो, ताकीद देऊ शकतो, खाते गोठवू किंवा निलंबित करू शकतो. दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाबाबत तो फक्त आपल्या सभासदांपुरते दार लावू शकतो आणि तक्रार तिकडच्या मॉडरेटरकडे पाठवू शकतो. जुलै २०१९ मध्ये अतिउजव्या मजकुरासाठी ओळखले जाणारे गॅब हे अमेरिकी माध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याला कोणी रोखू शकले नाही. पण एकामागून एक सर्व्हरांनी आपापल्या निर्णयाने त्याच्याशी संबंध तोडले, काही ॲपनिर्मात्यांनीही त्याला जागा नाकारली, आणि ते एकटे पडले. हे सामर्थ्य खरे आहे. त्याची किंमतही खरी आहे: एखादा अख्खा सर्व्हर निलंबित केला की तुमच्या सभासदांचे तिकडच्या चांगल्या माणसांशी असलेले संबंधही तुटतात आणि निर्णय मागे घेतला तरी ते आपोआप जुळत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मधील ४.३ आवृत्तीपासून निदान कोणते संबंध तुटले याची सूचना आणि यादी सभासदाला मिळते. म्हणून आमच्याकडे आधी ‘मर्यादित’ करण्याचा उपाय वापरतात, ज्यात त्या सर्व्हरवरील पोस्ट फॉलो न करणाऱ्यांना दिसत नाहीत पण जुळलेली नाती टिकतात. संपूर्ण निलंबन एका मॉडरेटरच्या निर्णयाने होत नाही.

स्थानिक मॉडरेटर का हवा, हे दोन तक्रारींवरून दाखवतो. पहिली तक्रार परदेशातील एका सर्व्हरवरून आली होती. आमच्या एका सभासदाने मित्राला ‘काय बे भैताड, पुस्तक केव्हा परत करतोस’ असे लिहिले होते, आणि यंत्राने केलेला अनुवाद वाचून तिकडच्या कोणीतरी ती शिवीगाळ म्हणून कळवली. नागपुरात वाढलेल्या माणसाला यात जिव्हाळा ऐकू येतो, आणि तक्रार बंद करायला वेळ लागला नाही. दुसरी तक्रार धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास आली. दीक्षाभूमीवर जमलेल्या लोकांच्या छायाचित्राखाली कोणीतरी लिहिले होते: ‘आज गाडीत बसायला जागा मिळणार नाही, फुकट प्रवासी आले आहेत.’ यात एकही शिवी नाही, जातीचे नाव नाही, कोणत्याही यंत्राला किंवा बर्लिनमधील मॉडरेटरला ते रेल्वेच्या गर्दीबद्दलचे गाऱ्हाणे वाटेल. ते कोणाला उद्देशून आहे आणि कोणत्या जुन्या तुच्छतेतून आले आहे, हे नागपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. आम्ही ती पोस्ट काढली, कारण लिहून ताकीद दिली, आणि अपिलाचा मार्ग खुला ठेवला. मॅस्टोडॉनमध्ये कारवाईविरुद्ध वीस दिवसांत दाद मागता येते आणि तो निर्णय आमच्याकडे मूळ मॉडरेटरखेरीज दुसरी व्यक्ती करते.

विकेंद्रित माध्यमाचा सर्वांत मोठा लाभ मला येथे दिसतो. नियम लिहिणारे आणि लागू करणारे ज्यांच्यासाठी ते नियम आहेत त्यांच्यातच राहतात, आणि त्यांना गाठून जाब विचारता येतो. पण हा लाभ आपोआप मिळत नाही. मॉडरेटरांचा गट एकाच वस्तीतील, एकाच जातीतील, एकाच वयाच्या पुरुषांचा असेल, तर तो सर्व्हर कितीही ‘आपला’ असला तरी दुसरी तक्रार त्याला पहिलीसारखीच दिसेल. तुमच्या कट्ट्यात किमान तीन मॉडरेटर असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, दलित व मुस्लिम सभासद असावेत, आणि नियम मोघम नसावेत. ‘सभ्य भाषा वापरावी’ हा नियम भैताड म्हणणाऱ्याला पकडतो आणि दुसऱ्याला सोडतो. त्याऐवजी जात, आडनाव, धर्म, आहार किंवा वस्ती यांवरून कोणालाही हिणवता येणार नाही, असे नावानिशी मराठीत लिहावे.

ब्लूस्कायवर ही कामे निरनिराळ्या थरांत विभागलेली आहेत. कंपनीचे मूलभूत मॉडरेशन असतेच. त्यावर मार्च २०२४ पासून कोणालाही स्वतःची लेबल-सेवा (पोस्ट व खात्यांवर खूण लावणारी सेवा) चालवता येते, आणि वाचक तिचा सभासद होऊन ठरवतो की त्या लेबलचा मजकूर लपवायचा, इशाऱ्यासह दाखवायचा की तसाच राहू द्यायचा. कल्पना उत्तम आहे. मराठीतील जातीय टोमण्यांवर लेबल लावणारी एखादी सेवा विदर्भातील काही गटांनी मिळून चालवावी, असे मला मनापासून वाटते. तिची मर्यादा इतकीच की लेबल वाचणाऱ्याला वाचवते. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याच्याविषयीचा मजकूर, कंपनीने स्वतः काढल्याशिवाय, इतरांना दिसतच राहतो. शिवाय ॲप हा वेगळा थर असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या वयपडताळणीच्या कायद्यामुळे ब्लूस्कायने तेथील लोकांसाठी आपले ॲप बंद केले, तेव्हा त्याच प्रोटोकॉलवरील इतर ॲपना तो निर्णय लागू नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. इतरांचा मजकूर साठवणारा तुमचा सर्व्हर माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे मध्यस्थ ठरतो, आणि कलम ७९चे संरक्षण (इतरांनी लिहिलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी चालकावर न येण्याचे) हवे असेल तर त्या कायद्याखालचे २०२१चे नियम पाळावे लागतात. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर जादा बंधने आहेत, पण तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करण्याचे बंधन लहानांनाही आहे. मूळ नियमांत तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत अपेक्षित होता. त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळल्या आहेत, तेव्हा आजचा मजकूर वकिलाकडून वाचून घ्या. दूरच्या सर्व्हरवरील चित्रे तुमच्या डिस्कवर आपोआप साठतात, आणि त्यांत बालकांच्या लैंगिक शोषणाचे काही आढळले तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कोण कळवणार, हे आधीच ठरलेले असावे. तुमच्या बंद झालेल्या पानाबद्दलही एक मार्ग आहे. त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्यात पान पुन्हा सुरू करण्याची आणि मजकुराची प्रत मिळण्याची, अशा दोन वेगळ्या मागण्या करा.

माझा सल्ला असा. कट्ट्याने स्वतःचे डोमेन संस्थेच्या नावाने घ्यावे, कोणा उत्साही सभासदाच्या वैयक्तिक खात्यातून नव्हे, आणि नूतनीकरणाची जबाबदारी दोघांकडे असावी. शक्यतो डॉट इन घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डोमेनवर चालणारा एक मॅस्टोडॉन सर्व्हर तेथील सरकारने नाव काढून घेतल्याने बंद पडला, आणि मॅस्टोडॉनचे डोमेन एकदा ठरले की बदलता येत नाही. नोंदणी सर्वांना खुली ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्येच लक्ष नसलेल्या, खुल्या नोंदणीच्या लहान सर्व्हरांतून स्पॅमची मोठी लाट आली होती, आणि त्यानंतर सॉफ्टवेअरमध्येच अशी सोय केली गेली की आठवडाभर एकाही मॉडरेटरने लॉगिन केले नाही तर खुली नोंदणी बंद होऊन मंजुरीची पद्धत लागू होते. पुस्तक-परिचयांची मूळ प्रत कट्ट्याच्या साध्या संकेतस्थळावर ठेवा आणि समाजमाध्यमावर तिचा दुवा द्या, म्हणजे पोस्ट सोबत येत नाहीत ही मॅस्टोडॉनची उणीव तुम्हाला बाधणार नाही. ब्लूस्कायवरही त्याच डोमेनच्या नावाने एक खाते उघडा, कारण वाचक जिथे आहेत तिथे जाणे भाग आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर आले आणि त्यांतील बरेच परतही गेले, कारण ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे अजून तिकडेच होती.

आणि सुरुवातीच्याच ठरावात सर्व्हर बंद करण्याची पद्धत लिहून ठेवा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांना बंद होण्याआधी तीन महिन्यांची सूचना देण्याचे वचन द्यावे लागते. तुम्ही त्या यादीत नसलात तरी तीच मुदत धरा. त्या तीन महिन्यांत नवी नोंदणी बंद राहील, कोणता सभासद स्थलांतर करण्यात इतरांना हाताशी धरून मदत करेल, शेवटच्या दिवशी डेटाबेस आणि सर्व बॅकअप कोण पुसेल आणि पुसल्याचे लेखी कोणाला देईल, हे नावांसह त्या ठरावात असू द्या.